पॅसेंजर गाडीचा खोडवा



ऊस विकास खात्याच्या पानावर रेल्वेचा विषय पाहून काही सभासद चष्मा पुसून पुन्हा वाचतील. लागणीची वेळ, बेणे प्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त हे आमचे नेहमीचे विषय, आणि ते पुढच्या अंकी आहेतच. परंतु गटागटांत फिरताना उसाच्या खालोखाल जो प्रश्न आम्हांस विचारला जातो तो गाडीचा असतो. धुळ्याची गाडी आता कायमची चालू झाली का? पाचोऱ्याची पी. जे. परत येणार का? आणि पारोळ्याला रेल्वे कधी? तिन्ही प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत आणि बांधावर उभे राहून दोन वाक्यांत सांगता येत नाहीत, म्हणून हा लेख.

पारोळा तालुक्यातील आमचे एक जुने सभासद आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात, आम्हीही नानाच म्हणतो. त्यांची लेक जामद्याला दिलेली आहे. गिरणेवरच्या बंधाऱ्यामुळे आणि तेथून निघणाऱ्या पाटांमुळे जामदा कोठे आहे हे पाण्यावर शेती करणाऱ्यास सांगावे लागत नाही. जामदा हे चाळीसगाव-धुळे मार्गावरचे स्टेशनही आहे. लेकीचा थोरला मुलगा धुळ्याला आय. टी. आय. मध्ये शिकत होता. सकाळी गाडीत बसावे, संध्याकाळी घरी भाकरीला यावे, असा त्याचा क्रम. २२ मार्च २०२० ला देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या, त्यात ही पण थांबली. करोनाचा जोर ओसरला, वर्ग पुन्हा भरू लागले, तरी गाडी काही येईना. मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर मेहुणबाऱ्यापर्यंत आणि तेथून एस. टी. ने धुळे असे सुरू झाले. त्यातच नोव्हेंबर २०२१ मध्ये एस. टी. चा संप पेटला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आता बोला! रेल्वे नाही, एस. टी. नाही, उरली फक्त काळी-पिवळी. तिचे रोजचे जाण्यायेण्याचे पैसे म्हणजे घरातल्या एका माणसाची अर्धी मजुरी. पोराने नाव काढून घेतले आणि एका गॅरेजवर कामाला लागला.

डिसेंबर २०२१ मध्ये, संप चालू असतानाच, धुळ्याची गाडी पुन्हा सुरू झाली. नाना आम्हाला म्हणाले, “साहेब, गाडी उनी, पन पोऱ्यानी साळा सुटी गई.”

आज त्याची धाकटी बहीण त्याच गाडीने धुळ्याला शिकायला जाते. नानांच्या घरात गाडीचा हिशेब असा दोन नातवंडांचा आहे. पॅसेंजर गाडी बंद असली म्हणजे काय होते, याविषयी आम्हाला याहून जास्त काही सांगता येणार नाही.

पुढे वर्षभराने आम्ही मुद्दाम त्या गाडीने गेलो. निमित्त बेण्याचे होते. चाळीसगावकडील एका शेतकऱ्याच्या प्लॉटमधून को ८६०३२ ची नमुन्याची मोळी आणायची होती. मोटारसायकल धुळ्यास ठेवली आणि तिकीट काढले. हा मार्ग जी. आय. पी. रेल्वेने १९०० साली सुरू केला. लांबी सुमारे ५६ कि. मी. मोहाडी, बोरविहीर, शिरूड, मोरदड तांडा, राजमाने, जामदा, भोरस ही मधली स्टेशने. भोरस म्हटले की आपल्या लोकांना बेलगंगा कारखाना आठवणारच. दोन्ही टोके धरून नऊ स्टेशने झाली, म्हणजे सरासरी दर सात कि. मी. ला एक थांबा. लांब पल्ल्याच्या गाडीला असले थांबे परवडत नाहीत, पॅसेंजरचे काम मात्र तेच आहे.

पूर्वी या मार्गावर डिझेल इंजिन असे. धुळे हे शेवटचे स्टेशन, पुढे रूळच नाहीत. त्यामुळे गाडी आली की इंजिन सोडायचे, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचे, मग निघायचे. आता जी आली आहे ती विजेवरची मेमू. तिला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. चालक एका टोकाची खोली बंद करून फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलट दिशेने निघते. थांबली की लगेच वेग घेते, म्हणून सात-सात कि. मी. च्या थांब्यांना ती सोयीची. डब्यात दुधाची किटली, भाजीची पाटी, दवाखान्याची फाईल छातीशी धरलेली म्हातारी माणसे आणि कॉलेजची पोरे. परतताना आमची मोळी पाहून शिरूडला उतरणाऱ्या एका शेतकऱ्याने जात विचारली, फुटवा विचारला, आणि उतरता उतरता दोन कांड्या मागून घेतल्या. बैठकीत जे काम होत नाही ते डब्यात झाले म्हणायचे.

आता मुद्द्यावर येतो. तोडणी झालेल्या उसाचे शेत आठवडाभर पाहिले तर ते मेलेलेच वाटते. नुसते बुडखे आणि पाचट. पण खाली मुळे जिवंत असतात. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट न जाळता सरीत दाबले, नांग्या भरल्या आणि वेळेवर खत-पाणी दिले की खोडवा उभा राहतो. नांगरट वाचते, बेणे वाचते, आणि पीकही लवकर पक्वतेला येते. उलट एकदा का नांगर घालून बुडखे उपटले की मग नवी लागण. पूर्वमशागत आली, बेणे आले, पूर्ण मुदत आली. रेल्वेच्या मार्गाचे आम्हाला तंतोतंत असेच दिसले. गाडी बंद होणे म्हणजे तोडणी, आणि रूळ उपटणे म्हणजे नांगरट. दोन्ही एकच नव्हेत, पण बंदच्या दिवसांत लोकांना ती एकच वाटू लागतात.

धुळ्याचा मार्ग वीस महिन्यांहून अधिक काळ पॅसेंजरवाचून राहिला. परंतु रूळ, पूल, फाटके, सिग्नल सारे जागेवर होते, आणि वर विजेच्या ताराही आल्या. म्हणून हुकूम निघताच गाडी धावू शकली. हा खोडवा. आणि चांगल्या राखलेल्या खोडव्याला जसे फुटवे येतात तसे इथेही आले. २०२३ पासून धुळ्याहून मुंबईकडे थेट गाडी सुरू झाली.

पी. जे. ची गोष्ट वेगळी. पाचोरा ते जामनेर हा अडीच फुटी रुळांचा छोटा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाला. लांबी हीसुद्धा ५६ कि. मी. च्या आसपास. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर ही त्यावरची गावे. शंभर वर्षे ती गाडी शेतकऱ्याच्या पायाशी पाय लावून चालली. हात दाखवला की चालक वेग कमी करतो, अशी तिची थट्टा व्हायची, आणि थट्टा करणारेही तिच्यानेच जायचे. मार्च २०२० ला तीही थांबली आणि पुन्हा त्या रुळांवर आली नाही. ती वाचवावी म्हणून पाचोऱ्यात कृती समिती उभी राहिली, लोक रस्त्यावर आले. पण तिचे डबे, तिची इंजिने, तिचे रूळ, सर्वच वेगळ्या मापाचे. मोठ्या मार्गावरचा एकही डबा तिच्यावर चालत नाही. अशी गाडी म्हणजे जुनी जात. बेणे कोठे मिळत नाही आणि रोग पडला तर औषधही नाही. अखेर तिचा मोठ्या मापात पालट करून जामनेरच्या पुढे बोदवडच्या बाजूने मुख्य मार्गाकडे वाढवण्याची योजना मंजूर झाली. एकूण लांबी ८४ कि. मी.

ही नवी लागण झाली. तिचे पीक मोठे येईल यात शंका नाही, कारण आज जामनेरला संपणारी वाट उद्या दोन्हीकडून उघडी होईल. पण नव्या लागणीला पट्टा रुंद लागतो, वळणे सरळ करावी लागतात, त्यासाठी जमीन घ्यावी लागते, आणि या साऱ्यास वर्षे जातात. तोवर शेंदुर्णीच्या पोराने काय करायचे, हा प्रश्न योजनेच्या कागदावर नसतो. मापबदल करायचाच होता तर तो गाडी चालू असताना ठरवून, टप्प्याटप्प्याने हाती घ्यायला हवा होता, असे आमचे मत आहे. उभे पीक असताना पुढच्या लागणीचे बेणे राखून ठेवतो तसे.

मापबदलाला कंटाळलेल्या सभासदांसाठी आपल्याच राज्यातला दाखला देतो. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तीही अडीच फुटी. पुढे ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी पसरली. ऊसपट्ट्यातल्या कित्येक सभासदांचे वाडवडील वारीला याच गाडीने गेले असतील. तिचा मापबदल तुकड्यातुकड्याने वर्षानुवर्षे चालला. मिरज-पंढरपूर तुकडा तर काही काळ पूर्ण बंद होता. लोक वैतागले, शिव्या दिल्या. पण २०१० च्या आसपास मोठा मार्ग पुरा झाला, आणि आज कोल्हापूर-मिरजेहून पंढरपूरला सरळ मोठ्या गाडीने जाता येते. पी. जे. चेही असे होऊ शकते, मात्र मागे लागून राहावे लागेल.

परदेशातही हाच धडा आहे, आणि तो आम्हाला फार बोलका वाटला. इंग्लंडात १९६३ साली बीचिंग नावाच्या अधिकाऱ्याने अहवाल दिला आणि तोट्याच्या म्हणून हजारो मैल शाखा बंद झाल्या. डेव्हन परगण्यात ओकहॅम्प्टन नावाचे आपल्या तालुक्यासारखे गाव आहे. तेथील रोजची पॅसेंजर १९७२ साली बंद झाली. परंतु जवळच खडीची खाण होती, तिच्यासाठी मालगाड्या चालत राहिल्या, म्हणून रूळ उपटले गेले नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे रोजची पॅसेंजर परत आली, म्हणजे आपल्या धुळ्याच्या गाडीच्या महिनाभर आधी. खर्च सुमारे ४ कोटी पौंड. दुसरीकडे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग १९६९ साली बंद करून रूळ काढून टाकले. मागाहून चूक उमगली. त्यातला तीस मैलांचा भाग पुन्हा बांधून २०१५ साली गाडी सुरू झाली, तेव्हा खर्च झाला सुमारे २९ कोटी पौंड. लांबी साधारण दुप्पट, खर्च सात पट. खोडवा आणि लागण यांतला फरक यापेक्षा स्वच्छ आकड्यांत आम्ही तरी पाहिलेला नाही.

आता पारोळ्याकडे वळू.

पारोळ्याला रेल्वे नाही. तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेकडून आली ती अमळनेरहून गेली, आणि १९०० साली जळगावपर्यंत जोडली गेली. आपण राहिलो दक्षिणेला, महामार्गावर. त्या एका रेघेने काय फरक पडला ते पाहायचे तर अमळनेर पाहावे. १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना तेथे निघाला, तीच पुढे विप्रो झाली. केवळ रेल्वेमुळे झाली असे आम्ही म्हणणार नाही, पण रेल्वे नसती तर भुईमुगाच्या आणि डब्यांच्या वाघिणी कोठे उभ्या केल्या असत्या? म्हणून पारोळ्याला रेल्वे हवी ही मागणी चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु दर निवडणुकीला पूर्ण नवा मार्ग मागायचा आणि वीस-बावीस कि. मी. वरच्या अमळनेर स्टेशनाला वेळेवर बस आहे की नाही हे कोणी पाहायचे नाही, हे बरे नव्हे. शेतात उभा खोडवा वाळतो आहे आणि आपण माळरानावर नव्या लागणीचा नारळ फोडतो आहोत.

एका रात्री आम्ही सुरतेकडून येऊन एका स्टेशनवर उतरलो. गाडी वीस मिनिटे उशिरा. शेवटची बस दहा मिनिटांपूर्वी निघून गेलेली. बाहेर बाकड्यावर तोडणी टोळीतले एक कुटुंब बसले होते, दोन लहान पोरे आणि एक भांड्यांचे गाठोडे. आपल्या भागातले आणि नंदुरबारकडचे मजूर गुजरातेत बारडोली-मढीकडे जातात हे सभासदांना माहीत आहे. जाताना मुकादमाचा ट्रक असतो. मध्येच कोणी आजारी पडले, मयत झाली, की परत यायला मात्र ही गाडीच. त्या बाईची सासू गेली होती, आणि पहाटेच्या बसपर्यंत त्यांना तेथेच बसून काढायचे होते. गाडीने दीडशेवर कि. मी. आणून सोडले आणि शेवटच्या वीसने अडवले.

भाड्याचेही सांगितले पाहिजे. करोनानंतर ज्या पॅसेंजर गाड्या परत आल्या त्यांतल्या बहुतेक नावाने एक्स्प्रेस करून आणल्या. डबे तेच, थांबे बहुतेक तेच किंवा कमीच, पण कमीत कमी तिकीट १० रुपयांचे ३० रुपये झाले. गरिबाच्या ताटातली भाकर न वाढवता ताटाची किंमत वाढवावी तसे हे झाले. फेब्रुवारी २०२४ अखेरीस रेल्वेने जुने साधे भाडे पुन्हा लागू केले. अजूनही काही सभासद “तीस रुपये कोण देईल” म्हणून स्टेशनकडे फिरकत नाहीत असे आम्हास आढळले. तरी ही गोष्ट घरी सांगावी.

आणि तिकीट काढावे. हे आम्ही मुद्दाम लिहितो. दोन स्टेशनांपुरते काय तिकीट काढायचे, असा आपल्याकडे एक मोठेपणा आहे. मोठी स्टेशने आपल्या विक्रीवर जगतात, पण राजमाने किंवा मोरदड तांड्यासारख्या थांब्याचा जीव तेथे विकल्या जाणाऱ्या तिकिटांवरच ठरतो. थांबा काढायचा की ठेवायचा हे पाहताना साहेब लोक डब्यातली गर्दी पाहायला येत नाहीत, विक्रीचा आकडा पाहतात. कारखान्याला ऊस घालायचा आणि वजनाची पावती घ्यायची नाही, असे आपला एकतरी सभासद करील काय?

पुढे काय येऊ घातले आहे तेही थोडक्यात. धुळे हे सव्वाशे वर्षे शेवटचे स्टेशन राहिले. बोरविहीर ते नरडाणा या सुमारे ५० कि. मी. च्या नव्या मार्गाने ते तापी खोऱ्याच्या मार्गाला जोडले जायचे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. शिवाय मनमाड-इंदूर या ३०९ कि. मी. च्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्टेशने, आणि २०२८-२९ पर्यंत पुरा करण्याचे उद्दिष्ट. हे झाले की आपल्यापासून पस्तीस-छत्तीस कि. मी. वर असलेले धुळे चारी दिशांनी उघडते. ज्यांच्या जमिनी या मार्गात जातात त्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि लहान नाही. मोजणीच्या वेळी विहीर, पाईपलाईन, फळझाडे आणि उभा ऊस यांची नोंद पंचनाम्यात झाली की नाही हे जातीने उभे राहून पाहावे. मागून अर्ज करून लागवडीचा पुरावा गोळा करणे किती जड जाते ते आम्ही पाहिले आहे.

मागणी कोणाकडे करायची याबद्दल आपल्याकडे मोठा घोळ आहे. पारोळा दोन रेल्वेंच्या मध्ये सापडले आहे. अमळनेर पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात येते, तर धुळे, चाळीसगाव आणि पाचोरा मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. अमळनेरच्या थांब्याचा अर्ज भुसावळला पाठवला तर तो फिरत राहतो, आणि आपण म्हणतो सरकार ऐकत नाही. प्रत्येक विभागात रेल्वे उपयोगकर्त्यांची सल्लागार समिती असते, तिच्या बैठकीपुढे विषय यावा असे अर्जात स्पष्ट लिहावे. बसच्या वेळेचा अर्ज मात्र एस. टी. च्या विभाग नियंत्रकाकडे, रेल्वेकडे नव्हे.

वेळ मागताना एकच वेळ मागावी. एका गावाने सकाळी सातची, दुसऱ्याने साडेआठची आणि तिसऱ्याने दहाची मागितली, की तिन्ही अर्ज एका फायलीत निवांत झोपतात. आधी गावात बसून ठरवावे. शाळा-कॉलेजवाले, दवाखान्याला जाणारे आणि दूध घालणारे यांना मिळून चालेल अशी वेळ बहुधा निघते. चावडीवर भांडण झाले तरी चालेल, अर्जात होऊ नये.

ज्या गावांना असे अर्ज करायचे आहेत त्यांच्यासाठी आम्ही दोन नमुने तयार करून गट कार्यालयात ठेवले आहेत, एक अमळनेरच्या गाडीशी जुळणाऱ्या बसचा आणि एक थांब्याचा. ऊस नोंदणीला याल तेव्हा घेऊन जावेत. गावाचे नाव, रोज जाणारे किती, पैकी विद्यार्थी किती, आणि कोणती वेळ, एवढेच भरायचे आहे. आकडा खरा लिहावा, वाढवून लिहू नये. पाहणीला माणूस आला आणि फलाटावर चौघेच दिसले तर पुढची दहा वर्षे कोणी विचारणार नाही. सह्या पेनाने कराव्यात, शिसपेन्सिलीने नको. अंगठा असेल तर शेजारी नाव लिहून द्यावे. नानांनी आपल्या गावाचा अर्ज नेला आहे, त्यावर पहिली सही नातीने केली आहे.